आधी पुरावा, मग ब्लॉक

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर ‘कशाला करायची असली बातमी’ म्हणाले, ते चुकलंच. तुझी बातमी चोख आहे. पपांनी आजीला मोठ्याने वाचून दाखवली. पण बातमीखालच्या ऑनलाइन शिव्यांमध्ये कुणीतरी तुझ्या घराचा पत्ता टाकलाय, आणि माझं मन तिथेच अडकलंय.

तू संतापून आधी ती पोस्ट रिपोर्ट करतेस, म्हणजे साइटकडे तक्रार करून काढायला लावतेस. पोस्ट उडाली की पुढे पोलिसांत तक्रार करायला हातात काहीच उरत नाही. आधी स्क्रीनशॉट घे, त्यात खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसू दे. लिंक वेगळी जपून ठेव, नुसतं चित्र बनावट ठरवता येतं. मग रिपोर्ट, मग ब्लॉक. उलट उत्तर देऊ नकोस, त्याने ती पोस्ट आणखी चार लोकांपुढे जाते. आणि हे सगळं तू एकटीने वाचत बसू नकोस. आठवडाभर खातं मीराच्या हाती दे. ज्या मेसेजमध्ये घर, रस्ता, तुझ्या येण्याजाण्याची वेळ असेल, तो तिने लगेच तुला आणि संपादकांना दाखवायचा. संपादकांना लेखी कळव. बातमी त्यांची, तर तुझी काळजीही त्यांनीच घ्यायची.

लॉगिनचा कोड एसएमएसवर नको. डुप्लिकेट सिम काढून नंबरच पळवतात. फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लाव, जमलं तर सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिनसाठी लावायची छोटी किल्ली, घे. घेतलीस तर दोन घे, एक हरवली तर अडायला नको. सगळ्यात आधी ईमेल सांभाळ. तो गेला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात.

पुन्हा शाळा घेतली, रागावू नकोस. पण मी उगाच घाबरत नाही गं. युनेस्कोच्या 2020 च्या पाहणीत 714 महिला पत्रकार होत्या. 73 टक्के जणींना ऑनलाइन छळ सोसावा लागला होता, आणि 20 टक्के जणींनी सांगितलं की तो छळ पुढे प्रत्यक्ष हल्ल्यापर्यंत किंवा शिवीगाळीपर्यंत पोचला. म्हणून पत्त्याचं एवढं घेऊन बसलेय. तुझा बाल्कनीतला फोटोही काढ, मागे समोरच्या इमारतीची पाटी वाचता येते. मी काढला माझ्याकडचा.

लहानपणी बेल वाजली की दाराआडून ‘कोण?’ असं ठसक्यात विचारायचीस. उत्तर आल्याशिवाय कडी काढायची नाहीस, दादा असला तरी.

पत्त्याची पोस्ट निघाली का, कळव. कितीही रात्र झाली तरी चालेल.

तुझी,
आई