पायाला हात कोणी लावायचा?

परळ, मुंबई
१९ जुलै

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र रात्रपाळीत वाचलं आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडत बसले. "डायबेटिसच्या पेशंटचे पाय बघणं, नखं कापणं हे नर्सनं का करायचं? आधीच लोक आपल्याला आयाबाई समजतात," असं लिहिलंस. तुझा राग कळतो गं. पण मग करणार कोण? परदेशात त्यासाठी पोडियाट्रिस्ट, म्हणजे फक्त पायांचा तज्ज्ञ, असतो. आपल्याकडे हा वेगळा पेशा म्हणून अजून नीट उभाही राहिलेला नाही. ओपीडीत डॉक्टर शुगरचा रिपोर्ट बघतात, गोळी वाढवतात, की पुढचा नंबर. पेशंटला चप्पल काढायला सांगण्याइतकीही उसंत नसते. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाप्रमाणे देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. एवढ्यांचे पाय काय सर्जनच्या टेबलावर जाईपर्यंत कोणी बघायचेच नाहीत?

परवा एक कोळीण मावशी आल्या होत्या. पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायची आणि मग दिवसभर बाजारात ओल्यात बसायचं. आल्या होत्या नेहमीच्या गोळ्या न्यायला. मी पाय वर घ्या म्हटलं तर त्यांनी ते लुगड्याखाली ओढूनच घेतले. "नको गो बाय, तू माझ्या पायाला हात लावायचा? मला पाप लागंल!" हे आपल्याकडे रोजचंच. पेशंटला संकोच आणि आपल्याला कमीपणा, त्यामुळे पाय झाकलेलेच राहतात. शेवटी मीच स्टूल ओढून समोर बसले. करंगळीच्या बेचक्यात चिखल्यांनी कातडी पांढरीफटक झालेली, फाटलेली, आणि त्या फटीत माशाचं खवलं रुतून बसलेलं. दुखतं का विचारलं तर म्हणाल्या, "छे!" त्या "छे"नंच मला धडकी भरली. जखम असून दुखत नाही, म्हणजे शुगरनं पाय बधिर झालेला.

मग त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी, अशा सहा जागी माझ्या बोटाचं टोक एक-दोन सेकंद नुसतं टेकवलं. दाबायचं नाही, घासायचं नाही. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यातला धरायचा. यालाच इप्सविच टच टेस्ट म्हणतात. मावशींना चार ठिकाणी पत्ताच नव्हता. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पायाला टेकवून स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा) असेल तर उत्तमच, पण आमचा कपाटात आणि कपाटाची किल्ली इनचार्ज सिस्टरच्या पर्समध्ये!

सगळंच अंगावर घ्या असं मी म्हणत नाही, शैला. पाय तपासणं, धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, नखं सरळ कापणं, टाचांना मलम लावणं (बेचक्यांत नाही), चपलेत खिळा-खडा नाही ना ते हात घालून बघणं, हे आपलंच काम. घट्ट्याला आणि भोवरीला ब्लेड मात्र शिकलेल्या हातानंच लावायचं, आणि पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर शिकलेल्या सिस्टरनंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. जखम, लाली, सूज किंवा काळं पडलेलं बोट दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पाय कापायची वेळ येते त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशाच एका दुर्लक्षित जखमेनं झालेली असते.

आणि बोलायचं तर किती! गुडघे दुखतात म्हणून कढत पाण्यात मीठ घालून पाय बुडवणारे, भोवरीवर दुकानातली औषधी पट्टी चिकटवणारे, सोमवारी रात्री अनवाणी सिद्धिविनायकाला निघणारे. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही, हे यांना शांतपणे सांगणार कोण? औषधाच्या खिडकीवर तर कोणी सांगत नाही.

एका ठिकाणी मात्र तुझं शंभर टक्के पटलं. मी आधी होते त्या खाजगी हॉस्पिटलात वॉर्डातल्या मावशींनी एका शुगरच्या आजोबांची नखं ब्लेडनं काढली. बोट कापलं, ते पिकलं, आणि जाब मागितला तो ड्यूटीवरच्या सिस्टरला. हे काम कोणाचं, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. म्हणून माझी अट आहे: आधी ट्रेनिंग, मग लेखी ऑर्डर, केसपेपरवर पायाचा वेगळा रकाना आणि त्यासाठी माणूस. एका सिस्टरकडे चाळीस खाटा देऊन वर पायही बघा म्हणाले, तर मीच पहिली नाही म्हणेन.

त्या कोळीण मावशींना त्याच दिवशी सर्जरीच्या ओपीडीत पाठवलं. परत येतील की नाही देव जाणे, मासळीचा धंदा सोडून कोण रांगेत बसतं? त्यांच्या सुनेचा नंबर मात्र घेऊन ठेवलाय.

तू जीएनएमच्या, नर्सिंग डिप्लोमाच्या, मुलींना शिकवतेस ना, तर एक कर. पुढच्या प्रॅक्टिकलला त्यांना एकमेकींच्या पायांवर ही टेस्ट करायला लाव आणि किती जणी नाक मुरडतात ते मला कळव. भांडण अर्धंच झालंय. गणपतीला येशील तेव्हा उरलेलं करू.

तुझी,
मीना