पुसण्याआधी विचारणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "नाव-बिव नको टाकू ताई, उगाच वरून विचारणा होते," असं तुम्ही म्हणाला होतात, ते लक्षात आहे. म्हणून पार्कचंही नाव नाही. नाशिक संपून द्राक्षबागा लागतात तिथलं, मोठा आकाशपाळणा असलेलं, एवढंच सांगते. तुमचा मुलगा फोनवरचं सगळं वाचून दाखवतो म्हणालात, तो हेही वाचून दाखवेल अशी आशा आहे.

त्या दिवशी तुम्हाला धड धन्यवादही म्हणता आलं नाही. बाहेर शाळेच्या सहलीच्या बस लागल्या होत्या, तुम्ही शिट्टी गळ्यात अडकवून पाळण्याकडे धावलात, मी हात हलवला तो तुम्हाला दिसला की नाही कोण जाणे. रात्री फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडले आणि डोळे भरून आले. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

मी कोण, कशाला आले होते, हे तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून आता सांगते. मी स्टुडिओत काम करते. पासपोर्ट फोटो, शाळांची आयकार्डं, लग्नसराईत लग्नं. घर त्यावर चालतं आणि ते काम मी मनापासून करते. पण पहाटेची वेळ मी स्वतःसाठी ठेवलेली आहे, आणि त्या वेळेत मी रहाटपाळणे टिपते. नाशिकच्या माणसाला याचं वेगळं कारण सांगावं लागू नये. नवरात्रात कालिकेच्या यात्रेला गेलं की देवीच्या दर्शनाइतकीच ओढ पाळण्याची असते. लहानपणी बाबांचा शर्ट मुठीत धरून वर गेले होते, तेव्हा खाली सगळं शहर दिव्यांचं दिसलं होतं. ती उंची अजून अंगात आहे.

मोठी झाल्यावर कळलं की ज्याला जग फेरिस व्हील म्हणतं तो पाळणा जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरने १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात उभा केला होता. २६४ फूट उंच, ३६ डबे, आणि एकेका डब्यात साठ माणसं. त्याच्या कितीतरी आधीपासून जत्रांमधून लाकडी पाळणे हाताने फिरवले जात होतेच. पण एवढ्या मोठ्या चाकाचे आपण फोटो काढतो ते रात्रीचे, रोषणाईचे, नाहीतर वर बसून काढलेल्या सेल्फीचे. खुद्द पाळणा त्यात कुठेच नसतो. आऱ्या, वेल्डिंगचे सांधे, एकावर एक चढलेले रंगांचे थर, हजारो हातांनी धरून गुळगुळीत झालेला दांडा, यातलं काही दिसत नाही. मला ते हवं होतं, आणि ते फक्त पहाटे मिळतं. सूर्य उगवण्याआधी वीस-एक मिनिटं आकाशाचा निळा उजेड आणि खांबांवरच्या दिव्यांचा पिवळा उजेड सारख्याच जोराचे असतात. दोन्ही रंग एका फोटोत नांदतात. पुढे सूर्य चढला की आकाश पांढरं पडतं आणि लोखंड नुसतं काळं दिसतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते. तेही असंच, पाळणे-घसरगुंड्यांचं. आधी फोनवर हो म्हणाले. पहाटे गाडी काढून पोचले तर गेटवर वेगळंच. "मुलगा-मुलगी कुठंय?" हा पहिला प्रश्न. प्री-वेडिंग नाही म्हटल्यावर, "मग एवढ्या पहाटे एकट्या बाईचं इथं काय काम?" मोबाईलने काढा, मोठा कॅमेरा चालणार नाही, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने लेन्सवर पंजा ठेवला. सरळ काचेवर, पाची बोटांचे ठसे. मग आतून एक साहेब आले आणि बाहेरच्या रस्त्यावरून काढलेले फोटोसुद्धा माझ्याकडून त्यांच्यासमोर एकेक करून पुसून घेतले. थंडीत उभी राहून मी बटण दाबत होते आणि ते मोजत होते.

काका, नियम मला कळतात. यंत्रांची जागा आहे, तिथे कुणीही उठून शिरू नये, हे बरोबरच आहे. मालकांना आपल्या आवारात कॅमेरा नको असेल तर तोही त्यांचा हक्क. नाही म्हणा, मी परत जाईन. पण नाही म्हणण्याआधी माणसाला चोर ठरवायची काय गरज होती? ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. त्यानंतर बरेच दिवस मी कॅमेरा पहाटे बाहेर काढलाच नाही.

तुमच्या पार्कची परवानगी कशी मिळाली ते लिहीत बसत नाही. ऑफिसमधून दोन ओळींचं उत्तर आलं, तारीख आली, त्यांचेही आभार. पण कागदावर हो मिळालं म्हणजे गेटच्या आत हो मिळतंच असं नाही, हे मी एकदा पाहिलं होतं. म्हणून त्या पहाटे तुमच्या समोर उभी राहिले तेव्हा मी खिशातला कागद आधीच हातात काढून ठेवला होता. तुम्ही तो बघितलाही नाहीत. टॉर्च माझ्या पायापुढे धरलात आणि म्हणालात, "इथं केबल आहे, बघून या."

गारठा काय होता त्या दिवशी! निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटवतात, घडांना थंडी लागू नये म्हणून, तशा आजूबाजूच्या बागांतही पेटलेल्या होत्या. गार हवेत तो धूर वर चढत नाही, जमिनीलगत चादरीसारखा पसरून राहतो. पाळण्याचा खालचा अर्धा भाग त्या धुरात आणि वरचा अर्धा स्वच्छ निळ्या आकाशात, असं दृश्य पुन्हा बघायला मिळेल की नाही सांगता येत नाही.

तुम्ही तुमच्या कामाला लागलात. ते काम मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. आम्ही तिकीट काढून बसतो तेव्हा कुणीतरी आधी प्रत्येक डब्याची कडी ओढून बघितलेली असते, हे किती जणांना माहीत असेल? तुम्ही एकदा ओढत होतात आणि मग थांबून पुन्हा एकदा. बोल्टवर पाना टेकवून आवाज ऐकत होतात. मग रिकामा पाळणा फिरवलात आणि मोटरकडे कान लावून डोळे मिटून उभे राहिलात. "माणूस बसवायच्या आधी रिकामा फिरवायचाच, तो बोलतो काय ते ऐकायचं," म्हणालात. मी त्या वेळी शटर आठ सेकंद उघडं ठेवून तो फिरता पाळणा टिपला. फोटोत डबे विरघळून रंगाच्या कड्या झाल्यात आणि मधोमध, पायथ्याशी, तुम्ही तेवढे स्थिर आहात. सगळी हलती दुनिया आणि एक न हललेला माणूस. आठ सेकंद इतकं निश्चल कुणी मुद्दाम सांगूनही उभं राहत नाही हो.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

खाली आलेल्या पिवळ्या डब्याच्या दांड्यावर दव साचलं होतं. ओळीने थेंब, कुठे मोहरीएवढे, कुठे ज्वारीएवढे. तुमच्या खांद्यावर फडकं होतं. गिऱ्हाइकांचे कपडे ओले होऊ नयेत म्हणून तुम्ही रोज सगळे डबे कोरडे करता. तुम्ही फडकं हातात घेतलंत, पिवळ्या डब्याशी आलात, मी ट्रायपॉड खाली करून त्या दांड्याकडे वळलेली बघितलीत आणि हात थांबवलात.

"पुसू की राहू देऊ?"

एवढंच. चार शब्द. काका, मी इतकी वर्षं कॅमेरा घेऊन फिरते. मला लोकांनी कुठल्या पेपरसाठी, किती पैसे मिळतात, नवरा काही म्हणत नाही का, हे सगळं विचारलंय. पण मी काय बघतेय, हे बघून त्याबद्दल विचारणारे तुम्हीच भेटलात. तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं की दवाच्या थेंबात काय असतं. तुम्ही फक्त माझी नजर कुठे आहे ते पाहिलंत.

मी "राहू द्या" म्हटलं, आणि मला वाटलं तुम्ही आता पुढे जाल. तुम्ही केबिनमध्ये गेलात, बटण टिचकी मारल्यासारखं दाबून पाळणा वीतभर पुढे घेतलात आणि तो डबा पूर्वेकडे तोंड करून आणलात. डबा झुलत होता. इतक्या जवळून फोटो काढताना केसाएवढी हालचालही चालत नाही. तुम्ही परत आलात, खाली उकिडवे बसलात आणि डब्याच्या तळाला दोन बोटं लावून तो थांबवून धरलात. थेंब पडू नयेत म्हणून श्वासही बेताने घेत होतात. सूर्य वर यायला सात वाजून गेले, तोवर तुम्ही तसेच. गुडघे दुखत असणार. मी म्हटलं, "काका, उठा आता," तर म्हणालात, "तुमचं होऊ द्या."

बाकीचे डबे तुम्ही आधी पुसून घेतले होते. हा तेवढा शेवटाला ठेवलात.

त्या फोटोत काय आलंय ते सांगते. पाण्याचा थेंब भिंगासारखं काम करतो, त्याच्या मागे जे असेल ते तो उलटं करून दाखवतो. त्यामुळे दांड्यावरच्या प्रत्येक थेंबात मागचा मेरी-गो-राउंड उलटा दिसतोय, छत्रीसारखं छत खाली आणि घोडे वर. मोठ्या थेंबात घोडे मोजता येतात, बारक्यात नुसता लाल-पांढरा ठिपका. आणि ओळीतल्या सर्वात टोकाच्या थेंबात उगवतं ऊन बरोबर शिरलंय. डबा वीतभर मागे असता तर तो उजेड खांबाआड गेला असता. तो वीतभर पल्ला तुमचा आहे.

दादासाहेब फाळके आपल्याच जिल्ह्यातले, १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. मोठा चित्रपट करायच्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून कॅमेऱ्यात टिपली होती. पुढे त्यांच्या चित्रपटांसाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरचं सगळं उरकून रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडत बसत. ती भोकं पडल्याशिवाय फिल्म कॅमेऱ्यात सरकतच नाही. फाळक्यांचं नाव सगळ्या देशाला ठाऊक आहे आणि ते असायलाच हवं. पण मला अलीकडे त्या भोकांचीच जास्त आठवण येते. दुसऱ्याच्या कामात काय नाजूक आहे हे ओळखून आपला हात तिथे लावणारी माणसं अजून आहेत, नाशिकमध्ये आहेत, पहाटे पाच वाजता कानटोपी घालून कामावर येतात.

त्या झाडणाऱ्या मावशींनाही माझा नमस्कार सांगा. तुम्ही त्यांना काहीतरी खूण केलीत आणि त्यांनी मेरी-गो-राउंडभोवतीचा पाचोळा झाडायचा मागे ठेवला. पाचोळ्याची धूळ उडाली असती तर सगळंच गेलं असतं. नंतर त्यांनी दुप्पट वेगाने झाडलं, मी पाहिलं. तुम्ही दिलेला चहा मी कॅमेरा बाहेर ठेवून केबिनमध्ये येऊन प्यायले, कारण गारठलेला कॅमेरा उबेत आणला की काचेवर वाफ धरते, हे सांगितल्यावर तुम्ही तुमचा स्वेटर काढून बाहेर त्याच्यावर घातलात. कॅमेऱ्याला स्वेटर घालणाऱ्या माणसाला काय म्हणावं, मला सुचत नाही.

पहाटेचं काम मी पुन्हा सुरू केलंय. पुढच्या नवरात्रात कालिकेच्या यात्रेतले पाळणे उभारताना टिपायचे आहेत, मंडप-पाळण्यांची कामं सुरू असतात तेव्हा. तिथल्या माणसांशी बोलायचा धीर मला तुमच्यामुळे आलाय.

दोन प्रिंट तयार आहेत. एक थेंबांची, एक तुमची, फिरत्या पाळण्याखाली उभे असलेले. थेंबांची मोठी केलीय, म्हणजे घोडे मोजता येतील. येत्या सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास गेटवर घेऊन येते. तुमची पाळी बदलली असेल तर मुलाला मला फोन करायला सांगा, नंबर ऑफिसात दिलेला आहे. मावशींसाठीही एक काढलीय, त्यांना आधी सांगू नका.

तुमची,
कॅमेरेवाली ताई