'उडान' आईबापांनी बघायला हवा

मा. संपादक,

वयात येणाऱ्या मुलांचे सिनेमे म्हटलं की लव्हस्टोरी नाहीतर कॉलेजची मस्ती, म्हणून विक्रमादित्य मोटवानेंचा २०१० चा 'उडान' परत बघितला आणि हे लिहायला बसले. सतरा वर्षांचा रोहन बोर्डिंगमधून काढला जातो, आठ वर्षांत एकदाही भेटायला न आलेल्या बापाकडे जमशेदपूरला येतो, तिथे त्याला कळतं की आपल्याला एक सावत्र भाऊ पण आहे, सहा वर्षांचा अर्जुन! बापाला 'सर' म्हणायचं, सकाळी त्याच्यासोबत धावायचं, फॅक्टरीत काम करायचं आणि कविता विसरायच्या. रोनित रॉयने तो बाप असा केलाय की तो नुसता दारात उभा राहिला तरी आपण सोफ्यावर सावरून बसतो. पण त्याला साधा व्हिलन नाही केलेलं, मुलांना घडवतोय असं त्याला मनापासून वाटत असतं, आणि मला तेच जास्त टोचलं.

हॉस्पिटलमधला प्रसंग तर विसरूच शकत नाही, बापाने मारलेला अर्जुन बेडवर गप्प पडलाय आणि रोहन शेजारी बसून त्याला गोष्टी, कविता ऐकवतोय, हळूहळू आजूबाजूचे पेशंट, नर्स सगळे ऐकायला जमतात. ज्या कवितेला घरात किंमत नाही तिच्यासाठी अनोळखी माणसं थांबतात!

फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवापर्यंत गेलेला सिनेमा, तरी कितीतरी जणांनी बघितलेला नाही. पुरवणीत नव्या रिलीजच्या शेजारी अशा सिनेमांनाही थोडी जागा द्या ना.

- एक वाचक, दोन मुलांची आई