मूग नव्हे, मोग

अंकल,

हे पत्र खरं तर दुकानाच्या शटरखालून आत सरकवणार होतो. बाजूच्या टेलरने सांगितलं की तुम्ही मुलीकडे गेलात, स्विंडनला, आणि परत कधी येणार ते त्यालाही माहीत नाही. फोन लागत नाही (तो तुम्ही म्हापशात असतानाही लागायचा नाही म्हणा). म्हणून हे उघडं पत्र. स्विंडनमध्ये गोंयकार इतके आहेत की कोणीतरी वाचेल आणि तुम्हाला सांगेलच, की बाबा, कुडाळचा एक पोरगा तुम्हाला शोधतोय.

मी तोच, प्रेसवरचा. काजूच्या पाकिटांची आणि कोकम सरबताच्या बाटल्यांची लेबलं करणारा. हेडफोनची डावी बाजू मेली म्हणून आलेलो.

पण त्याच्या आधीचं सांगायला पाहिजे, कारण ते तुम्हाला मी अर्धंच सांगितलं होतं. पुण्यात एका डिझाईन क्लासला होतो, नाव नको, त्या वर्षीचा आमचा काजू अख्खा फीमध्ये गेला एवढं सांगतो. तिथं दर शनिवारी प्रत्येकाने उभं राहून 'इन्स्पिरेशन' सांगायचं. बाकीच्यांचं बर्लिन, टोकियो चालायचं. मी रात्रभर व्हिडिओ बघून एका सिंथेसायझरबद्दल, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या वाद्याबद्दल, बोलायला उभा राहिलो, त्याच्या पॅनलवर बटणं कशी लावलीत, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्या वायरी कशा एका भोकातून दुसऱ्या भोकात जातात, आणि ह्या सगळ्याने आवाज कसा बदलतो वगैरे. नाव घेतलं, मूग. सर म्हणाले, "कुठले रे, मोड आलेले?"

वर्ग हसला. हसू दे, मलाही एरवी हसू आलं असतं. पण बरोबर उच्चार काय ते सरांनी सांगितलं नाही आणि मी काय बोलत होतो तेही परत विचारलं नाही, पुढचा नंबर घेतला. नंतर एका कॅफेत गेलो, भिंतभर रेकॉर्ड लावलेल्या, म्हटलं इथं कोणी बोलेल, तर काउंटरवरचा म्हणाला त्या वाजवायच्या नाहीत, डेकोरेशन आहे, आणि हे तुझ्या टाइपचं नाही. माझा टाइप कुठला ते त्याला चपलांवरून कळलं असावं. त्यानंतर दोन वर्षं मी खरोखरच मूग गिळून बसलो. ऐकायचो, पण नाव कोणासमोर घ्यायचं नाही.

तर तुमचं दुकान. तुम्ही वायर कापली, सोल्डर मारला, पाच मिनिटं. मग दोन्ही कान चालतात का बघायला तुमच्या डेकला लावलंत आणि म्हणालात, डोळे मीट. गाडीचं दार लागलं, इंजिन सुरू झालं, हॉर्न वाजला, आणि मग गाड्या एका कानातून येऊन दुसऱ्या कानातून निघून जायला लागल्या. मी डोळे उघडून रस्त्याकडे बघितलं, तर बाहेर खरंच ट्रॅफिक! तुम्ही हसलात. मग कव्हर दाखवलंत, निळी पाटी, त्यावर पांढरा रस्ता आणि पूल, संपलं. ना माणसाचा फोटो ना गिटार. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या 'क्राफ्टवेर्क' बँडच्या लोकांनी १९७४ साली हायवेवर बावीस मिनिटांचं गाणं केलं आणि इंग्लंडमधल्या आवृत्तीच्या कव्हरवर चक्क रस्त्याची पाटी लावली. मला तेव्हा जे वाटलं ते सांगतो, बांद्याच्या पाटीकडे आपण इतकी वर्षं बघतोय आणि कधी बघितलीच नाही असं वाटलं.

मग तुम्ही विचारलंत, हा जाडा आवाज कशाचा आहे ओळख. मला माहीत होतं हो. चांगलं माहीत होतं. पण तोंड उघडेना. तुम्ही थांबलात, घाई नाही केली, सोल्डरिंगची तार गुंडाळत बसलात, आणि शेवटी मी ती क्लासची गोष्ट सांगितली. अर्धीच. मला वाटलं तुम्हीही हसणार, कारण जोक तसा वाईट नव्हताच. तुम्ही नुसतं म्हणालात, "तें मूग न्हय रे पुता. मोग. आमचो मोग."

कोकणीतलं 'मोग' म्हणजे प्रेम हे मालवणी माणसाला सांगायला लागत नाही. तो सिंथेसायझर बनवणारा रॉबर्ट मोग स्वतःचं आडनाव असंच म्हणायचा हे मी नंतर ताडून बघितलं, तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, इतकं गोड उत्तर खरं असेल असं वाटेना म्हणून.

पण आभार त्याचे नाहीत. म्हणजे त्याचेही आहेत, पण मला आठवतं ते कार्ड.

पुढच्या आठवड्यात मी ॲम्प्लिफायर आणायला आलो तेव्हा तुम्ही कॅसेटची डबी हातात दिलीत, आत कॅसेट नाही, पेनड्राइव्ह. आणि डबीतल्या इनले कार्डाच्या कोऱ्या बाजूला सगळी नावं. देवनागरीत. तुम्ही घरी रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, लिहिता, बिलं इंग्रजीत करता. देवनागरी तुमची प्राथमिक शाळेतली, मराठीच्या बाईंची, चौथीनंतर सुटलेली, असं तुम्हीच एकदा सांगितलं होतं. तरी बसून लिहिलंत. आधी स्टीलच्या पट्टीने निळ्या पेनने शिरोरेषा आखल्यात, एकाखाली एक, आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी एकेक अक्षरं खाली टांगलीत. 'क्राफ्टवेर्क' मधला क्रा गिरवून गिरवून जाड झालाय, 'न्यू ऑर्डर' मधला र्ड कसा काढायचा ते कोपऱ्यात आधी ट्राय करून बघितलंय, ते खोडलेलंही दिसतं. आणि मधेच कंसात, 'मोग (मूग न्हय)'.

पोराला उच्चार कोणाला विचारायला लागू नये म्हणून हे केलंत ना? बोलला नाहीत कधी. मीही नाही बोललो, तेव्हा धड थँक्यूही म्हटलं नाही, बिलाचे पैसे ठेवले आणि सटकलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दुकानात ते टेलर उभे होते. हजारो रुपये फी घेणाऱ्यांना जे दोन वर्षांत सुचलं नाही ते तुम्ही एका कॅसेटच्या कागदावर, तेही हेडफोनचे चाळीस रुपये घेऊन.

ते कार्ड घेऊन मी गावाला जाताना एसटीत बसायचो. बांदा सुटलं की ते हायवेचं गाणं लावायचं, सावंतवाडी स्टँड येईपर्यंत पुरतं. मग 'न्यू ऑर्डर', मँचेस्टरचा बँड. त्यांच्या रेकॉर्ड काढणारी फॅक्टरी रेकॉर्ड्स ही तिथलीच, १९७८ ला सुरू झालेली छोटी, स्वतंत्र कंपनी (इंडी म्हणजे एवढंच, मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधलेलं, आणि मी मूर्ख इतकी वर्षं समजत होतो इंडियनचा शॉर्टफॉर्म), आणि त्यांची कव्हरं करणारा पीटर सॅव्हिल. 'न्यू ऑर्डर'च्या १९८३ च्या 'ब्लू मंडे' ह्या गाण्याचं कव्हर त्याने फ्लॉपी डिस्कसारखं केलं, कागदाला मधे खरीखुरी भोकं पाडून. हे वाचून इतरांना भारी वाटेल, प्रेसवरच्या माणसाला घाम फुटतो. एका एक्स्ट्रा पंचिंगसाठी मालक दोन दिवस बोलत नाही! कॉपी विकली की तोटा व्हायचा अशी दंतकथा आहे, मला ती खरी वाटते, कारण मी कोटेशन काढतो. आणि त्या कव्हरवर नाव अक्षरात नाहीच, कडेला रंगांचे चौकोन, त्यांची किल्ली दुसऱ्याच अल्बमच्या मागे. आमच्या प्रत्येक शीटच्या कडेला असेच रंगांचे पॅच असतात, शाई बरोबर पडते का बघायला, कटिंगला उडवतो आणि रद्दीत. सॅव्हिलच्या डोक्यात ते होतं का मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून मी त्या पट्ट्या गोळा करायला लागलो. मालक म्हणतो पोरगा कामातून गेला.

आणि चरणजित सिंग. हे तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा मुंबईचा माणूस, १९८२ साली रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक मशीनं घेऊन दहा राग डिस्को बीटवर वाजवतो. कोणी विचारलं नाही. शिकागोत नाचायच्या ज्या इलेक्ट्रॉनिक संगीताला पुढे ॲसिड हाऊस म्हणाले ते रेकॉर्डवर आलं १९८७ ला. २०१० मध्ये परदेशातल्या लोकांनी ती रेकॉर्ड परत काढली तेव्हा आपल्याला कळलं. २०१५ ला गेले ते. गोव्यात राहून इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हणजे हणजुण्याच्या किनाऱ्यावरची रात्रभर धडधड एवढंच मला माहीत होतं, आणि इथं मालकंस! तुम्ही त्यातल्या ८०८ ह्या तालाच्या मशीनचा फोटो दाखवलात, सोळा बटणं, चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी, आणि विचारलंत हे कशासारखं आहे. मी टेबलावर तीनताल धरला. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. आमच्याकडे डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, पखवाज ऐकत वाढलेल्या पोराला हे कोणी शिकवावं लागलं नाही, फक्त कोणीतरी विचारायला पाहिजे होतं.

तो लोट्याचा दिवस पण लिहू दे. मुलीने तुम्हाला २०२३ ला निघालेली ती अहमदाबादची रेकॉर्डिंग पाठवली होती, डिझाईनच्या राष्ट्रीय संस्थेत, एनआयडीत, १९६९ ते १९७२ मध्ये केलेली. भारतातला पहिला इलेक्ट्रॉनिक स्टुडिओ, डेव्हिड टुडर नावाच्या अमेरिकन संगीतकाराने लावून दिलेला, आणि मध्यभागी मोग. त्यामागे गीता साराभाई, पखवाज वाजवणाऱ्या पहिल्या मोजक्या बायकांपैकी एक. मी म्हटलं डिझाईनच्या शाळेत सिंथेसायझर कशाला? तर तुम्ही उठलात, टेबलावरचा पाण्याचा तांब्या रिकामा केलात आणि माझ्या हातात दिलात. म्हणालात, ती शाळा ह्याच्यातून निघाली. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन नवरा-बायको भारत फिरले, सरकारला अहवाल दिला, आणि सगळ्यात जास्त कौतुक कशाचं, तर लोट्याचं. किती पाणी मावतं, कंबरेवर कसा बसतो, धार कशी पडते, आत गरम असलं तर हातात धरवतो की नाही, विकत केवढ्याला, असे प्रश्न. त्या अहवालावरून १९६१ ला संस्था, आणि आठ वर्षांत तिथं मोग.

मी तांब्या धरून उभा. तुम्ही म्हणालात, नुसतं बघू नको, ओत.

दुसऱ्या दिवशी प्रेसवर सरबताची बाटली हातात घेतली आणि कळलं की लेबलाला सुरकुत्या का पडतात. बाटली वर निमुळती होत जाते आणि मी लेबल सरळ आयत काढत होतो, ते कमानीत काढायला पाहिजे. दीड वर्ष मी डिंकाला शिव्या दिल्या होत्या. क्लासमध्ये कर्निंगवर, म्हणजे दोन अक्षरांतल्या अंतरावर, तीन आठवडे गेले, बाटली एकदाही कोणी हातात दिली नव्हती.

त्यानंतर मला सगळीकडे दिसायला लागलं. सकाळी पोदेर सायकलवरून पों पों करत येतो, त्या हॉर्नवर कुठलंच नाव नाही तरी घराघरात कळतं की पाव आला. शुक्रवारच्या बाजारात चोरीसांवच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा टांगलेल्या असतात, गाठी सारख्या अंतरावर, बीटसारख्या. एसटीच्या लाल रंगावरची अक्षरं. हे सगळं आधीही होतंच की.

एक बोलू का, चांगली माणसं आपल्याकडे कमी आहेत असं नाही, पण चांगुलपणाचा गाजावाजा करणारी फार झालीत. मदत करतात आणि मग मदत केल्याचं स्टेटस टाकतात. तुम्ही दिलेलं घेताना मला कधी आपण खालच्या पायरीवर आहोत असं वाटलं नाही. तुमच्याकडे आलेल्या माणसाला आधी स्टूल, मग पाणी, मग काय बिघडलंय ते. टेलरही तसेच, ते मला तुमची बातमी देताना स्वतःच रडवेले झाले होते. अशा माणसांवर दुकानांची एक अख्खी ओळ चालते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

असो. कशासाठी आलो होतो ते राहिलंच. कुडाळच्या दोन पोरांनी, एक लॅपटॉपवाला आणि एक डबलबारीतला पखवाजवाला, घरच्या घरी चार गाणी केली. कव्हर मी केलं. काळ्यावर सोळा चौकोन, चार-चार, लाल, नारिंगी, पिवळा, पांढरा, आणि नावं फक्त देवनागरीत. शिरोरेषा आधी, अक्षरं नंतर. मालकाने एक पंचिंग फुकट करून दिलं, विश्वास बसतो का? मशीनवरून पहिलं शीट निघालं, शाई वाळायच्या आत घेऊन मी तुमच्याकडे आलो, तर शटर खाली. शीटवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय, तेच तुमच्यासाठी ठेवलंय. दुसरं देणार नाही.

अंकल, देव बरें करूं. हे त्याच दिवशी म्हणायला पाहिजे होतं.

तुमचा,
प्रेसवरचा

ता. क. कार्डावर सगळ्यात खाली तुम्ही एक शिरोरेषा आखलीय, आणि तिच्याखाली काहीच लिहिलेलं नाही. विसरलात की जागा ठेवलीत? कोणाचं नाव होतं तेवढं कळवा. मी अजून ती ओळ रिकामीच ठेवलीय.