रुमालाचा एकच अर्थ नव्हे

रविवारच्या पुरवणीतील कॉकेशस या डोंगराळ प्रदेशाच्या पेहरावावरील लेखात तेथील दागेस्तान या रशियन प्रजासत्ताकातील स्त्रियांचा डोक्यावरचा रुमाल म्हणजे निव्वळ धार्मिक बंधन, असे म्हटले आहे. ते पटले नाही.

दागेस्तानात पूर्वी स्त्रिया वेण्या 'चुख्ता' या पिशवीसारख्या शिरोवस्त्रात ठेवत आणि त्यावर रुमाल घेत. रुमालाच्या रंगावरून, बांधण्याच्या पद्धतीवरून वय आणि गाव ओळखता येई. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कॉकेशसभर रूढ असलेला जुना रिवाज: दोन पुरुष खंजीर उपसून भिडले आणि एखाद्या स्त्रीने डोक्यावरचा रुमाल काढून त्यांच्यामध्ये टाकला, की हात आवरावाच लागे. रुमाल ओलांडणे ही मोठी बेअब्रू मानली जाई. म्हणजे रक्तपात थांबवण्याचा हा अधिकार स्त्रीच्याच हाती होता.

रुमालाची सक्ती कुणी करत असेल, तर तिला विरोध हवाच. मात्र लेखात या रिवाजाचा साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

– एक वाचक, सांगली