करू न दिलेल्या कामांचे आभार

ताई,

आमची बाग आखून, लावून दिल्याचं तुमचं बिल चुकतं करून दोन वर्षं होतील. पैसे वेळेवर पोचले, आभार मात्र राहून गेले. आज लिहायला बसले तर लक्षात येतं, की आभार मानायचे ते तुम्ही केलेल्या कामांपेक्षा तुम्ही आम्हाला करू न दिलेल्या कामांचेच जास्त आहेत. पत्र उघडच लिहितेय. घरापुढच्या जागेचं काय करावं हे विचारणारे हल्ली मला बरेच भेटतात, आणि मी तुमची वाक्यं माझी म्हणून खपवत असते. ती चोरीही कबूल करून टाकते.

पहिल्या दिवशी मी मोबाईलमध्ये बागांचे चाळीसेक फोटो जमवून वाट बघत होते. तुम्ही एकही बघितला नाहीत. "पहार आहे का घरात? आणि एक बादली पाणी द्या," म्हणालात. फूटभर खड्डा खणायला घेतला आणि पहिल्याच वितीला पहार खणकन वाजली. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फरशीचे कपचे. घर बांधताना उरलेला सगळा राडारोडा तिथेच दाबून वर चार इंच लाल माती पसरलेली होती. तुम्ही खड्ड्यात पाणी ओतलंत. ते माती भिजण्यापुरतं. ते कसंबसं जिरल्यावर पुन्हा भरलंत आणि काडीवर खूण केलीत. तासाला इंचभर तरी पाणी उतरायला हवं, असं तुमचं म्हणणं. आमचं तासाभरात बोटाचं अर्धं पेरही हललं नाही. "इथे काहीही लावा, मुळं कुजणार," एवढंच बोललात. त्याआधी दोन वेळा लावून मेलेल्या झाडांसाठी मी नर्सरीवाल्याला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या, ते आठवलं.

दुसरी गोष्ट भिंतीची. तुमच्याआधी ज्यांनी काम केलं होतं त्यांनी माती थेट भिंतीला भिडवून जोत्याच्या वर चढवली होती, आणि उतार घराकडे. हॉलच्या भिंतीला ओल येत होती आणि आम्ही दर वर्षी रंग बदलत होतो! तुम्ही लेव्हल पाईप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, धरून दाखवलंत, की पाणी घरापासून लांब जायला पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतार हवा. आमच्याकडे नेमका उलटा होता. बागेचं काम सुरू होण्याआधी आठ दिवस नुसती माती काढण्यात गेले. ह्यांना ते आठ दिवस म्हणजे पैसे मातीत घालणं वाटत होतं. अक्षरशः होतंच ते.

आणि ते कोपऱ्यातलं जुनं झाड. त्याच्याभोवती गोल कट्टा बांधायचा, आत दोन फूट माती भरायची आणि फुलझाडं लावायची, हा माझा फार लाडका बेत. तुम्ही कधी नव्हे त्या चिडलात. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. वरून माती लादली तर त्यांना हवा मिळत नाही, खोडाची साल ओलीने कुजते. झाड लगेच मरत नाही, दोन-चार वर्षं घेतं, म्हणून कुणाला कट्ट्याचा संशय येत नाही. हे तुम्ही सांगितलंत आणि माझा चेहरा पडला. मग कट्ट्याऐवजी खोडापासून लांब एक लाकडी बाक ठेवलात. आज घरातल्या सगळ्यांचं भांडण त्या बाकावर कोण बसणार यावरून असतं.

लॉनवरून मात्र मी तुमच्याशी बरीच भांडले. तुम्ही वाद घातला नाहीत. "रविवारी नऊला, बाराला आणि चारला ऊन कुठे पडतं ते खडूने आखा," म्हणालात. आखलं. जिथे लॉन हवं होतं तिथे जेमतेम तीन तास ऊन. हिरवळीला पाच-सहा तास तरी हवं. वर तुमचा प्रश्न: "कापणार कोण?" घरात शांतता.

कोटेशनच्या वेळची तुमची वागण्याची तऱ्हा तर मी सगळ्यांना सांगते. स्वतःच आराखडा हातात दिलात आणि म्हणालात, हाच कागद आणखी दोघांना दाखवा, नाहीतर प्रत्येक जण वेगळ्या बागेची किंमत सांगेल. एकाचा आकडा तुमच्यापेक्षा बराच कमी आला. आम्ही मोहात पडलो होतो. तुम्ही फक्त दोन ओळी शोधायला लावल्यात: राडारोडा उचलणं आणि माती सुधारणं. दोन्ही नव्हत्या. तुमच्या कागदावर प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव, पिशवीचं माप, उंची, नग, मेलं तर किती दिवसांत बदलून देणार, सगळं होतं. त्याच्या कागदावर होतं, "शोभेची झाडं, एकूण." आणि आपलं काम दाखवताना तुम्ही नवीकोरी बाग नाही, तीन वर्षांची जुनी बाग दाखवलीत. पहिल्या महिन्यात कुठलीही बाग छानच दिसते, हे तुमचंच वाक्य. शेवटचा हप्ता पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर द्या, हेही तुम्हीच सुचवलंत. स्वतःचे पैसे स्वतःच अडकवून घेणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

लागवडीच्या दिवशी चार झाडं तुम्ही टेम्पोतूनच परत पाठवलीत. वरून टवटवीत होती, पण पिशवी फाडल्यावर मुळं आत गोल गोल फिरलेली. बाकीच्यांचे खड्डे मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे, म्हणून तुमची माणसं दोनदा झाड उचलून पुन्हा बसवत होती. पालापाचोळ्याचा थर तीन इंच, आणि तो खोडाला टेकता कामा नये. ठिबकच्या नळ्या वगैरे नंतर झाल्या. त्यातलं मला अजूनही फारसं कळत नाही.

काम संपलं तेव्हा बाग भकास दिसत होती, हे खरंच सांगते. दोन झुडपांमध्ये चार-चार फूट मोकळी जमीन. "झाडं मोजून दिली की काय," असं हे म्हणाले आणि मीही हसले. तुम्ही त्या झुडपांचा वाढल्यावरचा घेर सांगितला होतात, तो आम्हाला कागदावरचा आकडा वाटला. आता चालायला वाट राहावी म्हणून छाटणी करावी लागते.

एक कबुली उरली. फाटकाजवळचं झाड गेल्या वर्षी गेलं ना, आणि तुम्ही काही न विचारता बदलून दिलंत? ते ठिबकमुळे किंवा मातीमुळे गेलं नव्हतं. तुम्ही बोट मातीत खुपसून ओल बघा म्हणाला होतात. मी न बघता रोज संध्याकाळी त्याला वरून आणखी एक बादली घालत होते, प्रेमाने. नवीन झाडाचे पैसे पाठवतेय. घ्या, नाही म्हणू नका.

तुमची,
लॉनसाठी भांडलेली