शिबिराची वेळ चुकते

महोदय,
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी शिबिरे सकाळी अकराला लावली, की कापूस वेचणाऱ्या आणि केळीच्या बागेत राबणाऱ्या बाया आपोआप वगळल्या जातात. दिवसाचा रोज बुडवून कोण येणार? शिबिर आठवडे बाजाराच्या दिवशी घ्यावे, ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी दिवाळीआधी. दवंडी अहिराणीत, सातपुड्यात पावरी बोलीत द्यावी.

तपासणी साधी आहे. ५ मिली ॲसेटिक ॲसिड ९५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये त्याच दिवशी मिसळायचे, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर लावायचे आणि पूर्ण १ मिनिट थांबायचे; बिघडलेला भाग असेल तर तो पांढरा दिसतो. रांग वाढली की हे मिनिटच आधी कापले जाते आणि पांढरा डाग उठण्याआधीच ‘सर्व ठीक’ लिहिले जाते. मोबाइलच्या टॉर्चवर भागवू नये, फोकस दिवा हवाच. पाळी चालू असताना ही तपासणी करत नाहीत, म्हणून आशाताईंनी पाळीची तारीख आधीच विचारावी.

डाग म्हणजे कर्करोग नव्हे, हे तिथल्या तिथे सांगावे, नाहीतर घाबरलेली बाई पुन्हा फिरकत नाही. डाग योग्य असेल तर त्याच दिवशी थर्मल उपचार (तो भाग उष्णतेने जाळणे) व्हावा. नसेल तर जिल्हा रुग्णालयाची तारीख आणि एसटीचे भाडे तिच्या हातात द्यावे. कागदी चिठ्ठी पदराच्या गाठीतच राहते.

तपासणी ३० ते ६५ वयात, दर ५ वर्षांनी. मिशरी लावणाऱ्या बायांचे तोंडही त्याच खोलीत तपासता येते, त्याला वेगळे शिबिर कशाला?

– आरोग्य कार्यकर्त्या, चोपडा (जि. जळगाव)